उपरण्याखालचा इलाज

लातूर, दयानंदचं घर, तिसरा मजला
कार्तिकातला सोमवार

चि. सौ. नीलाबाई हिला थोरल्या बहिणीचा आशीर्वाद, आणि आशीर्वादाच्या मागोमाग थोडा रागही. (चिरंजीव तू आहेसच, पासष्टीची झालीस. सौभाग्यवती लिहिणं भाग आहे, कारण तुझा नवरा धडधाकट असल्याचं भोकरचा बाजार करून आलेले लोक सांगतात.) तुझे गुडघे, तुझी शुगर आणि तुझ्या थोरल्या सुनेचं तोंड, तिन्हींची खुशाली कळव. पहिल्या दोन्हींवर गोळ्या निघाल्यात. तिसरं तू स्वतः लाडावून ठेवलंस, त्याला माझ्याकडं इलाज नाही.

फोन असताना म्हातारीनं पत्र का धाडलं, असं तुला वाटंल. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे तू स्पीकर लावतेस आणि पलीकडं बाजेवर तुझा नवरा झोपल्याचं सोंग घेऊन पडलेला असतो. त्याचं खोकणं मला इथं लातूरला ऐकू येतं. म्हणून चौथी शिकलेल्या बाईनं वही घेतली. (चौथीसुद्धा मास्तर कंटाळून मला पुढं ढकलत गेला म्हणून झाली, तेव्हा अक्षर सांभाळून घे.) व्यंकटीरावाचं नाव या पत्रात काढायचं नाही, असं मी ठरवून बसले होते. ते इथंच मोडलं. अकरा वर्षं झाली, आपल्या दोघींचे नवरे एकमेकांचं तोंड बघत नाहीत; एका लाल कंधारी बैलापायी सख्ख्या बहिणी लग्नाला नाहीतर मौतीलाच भेटतो. माळेगावच्या यात्रेत तुझ्या नवऱ्यानं, स्वतः दलाल असूनही साडूच्या भरवशावर, ह्यांच्या दलालीनं घेतलेला बैल भोकरला पोचल्यावर लंगडला, त्यात बैलाचा दोष नव्हता, तुमच्या रस्त्याचा होता, हे मी तेव्हाही म्हणलं आणि आजही म्हणते.

आता ह्यांचं. तू दवाखान्यात येऊन काचेतून बघून गेलीस, पण खरी हकीकत तुला ठावं नाही. आषाढात एका सकाळी ह्यांच्या हातातून कपबशी पडली. नवी होती. मी तोंड सोडलं, हाताला भोकं पडली का म्हणलं, आणि हे गप्प. नीले, एकोणपन्नास वर्षांत या माणसानं माझं एक वाक्य बिनउत्तराचं जाऊ दिलं नव्हतं. मी 'ऊन पडलं' म्हणलं तर हे 'सावली हाय' म्हणणार, असा आमचा संसार. उत्तर आलं नाही तेव्हा मी हातातलं काम टाकलं. वळून बघितलं तर तोंड एकीकडं ओढलेलं आणि उजवा हात लोंबून राहिलेला. घटकाभरात अख्खी गल्ली जमली. एकजण म्हणाली अंगावरून वारं गेलं, एकजण म्हणाली गरम तेल लावा, आणि एक शहाणी म्हणाली कबुतराचं रगत चोळा. मी विचारलं, "आन् कबुतराला लकवा झाला तर त्याला काय चोळता गं, माणसाचं?" शेजारच्या विरूपाक्षाची जीप कारखान्याकडं निघाली होती, तिच्यापुढं मी आडवी झाले, आणि किल्लारी ते लातूर त्याला एकदाही ब्रेक लावू दिला नाही. डॉक्टर म्हणाला, आजी, वेळेत आणलंत म्हणून निभावलं. त्याला मी कपबशीचं सांगितलं नाही.

तिथं दारातच नर्सनं पेशंटचं नाव विचारलं. हे बोलू शकत नव्हते. पोरगा दयानंद शिकवतो त्या कॉलेजातून अजून पोचला नव्हता. विरूपाक्ष जीप लावायला गेलेला. मी म्हणलं, सृष्टीचे आजोबा. ती म्हणाली, नाव सांगा मावशी. मी म्हणलं, दयानंदचे बाप. तिनं पेन खाली ठेवलं. तेव्हा मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मोठ्यानं म्हणलं, "हणमंतराव!" (उखाण्याबिखाण्याला वेळ नव्हता.) लग्नापासून पहिल्यांदाच घेतलं ते नाव, आणि स्ट्रेचरवरच्या माणसानं मान फिरवून माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात त्यांना आत नेलं. असो.

जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोली गेली. सगळी बोली गेली असती तर एक वेळ बरं, पण एक शब्द राहिला, 'हाड'. कुत्र्याला हाकलायचा. डॉक्टर म्हणाला असं होतं, मेंदूतली बोलायची जागा मारली गेली तरी सवयीचा एखादा शब्द शिल्लक राहतो. राम राहिला असता, पांडुरंग राहिला असता, तर लोक पाया पडले असते. आमच्या वाट्याला हाड आला. मोठा डॉक्टर तपासायला आला की हाड. नर्स सुई घेऊन आली की हाड. (तो बरोबर होता.) माहूरहून रेणुकेचा प्रसाद घेऊन माझी जाऊ आली, तिलाही हाड, आणि ती अजून रुसून बसलीय.

महिन्याभरानं दयानंदनं आम्हाला या घरी आणलं. माझं पोरगं आणि माझी सून अयोध्या वाईट नाहीत, हे मी लिहून देते (तिला दाखवू नकोस, डोक्यावर बसंल). त्यांनी बापाला मागची खोली दिली. पांढऱ्या भिंती, निळे पडदे, गार हवेचं मशीन. खोलीत काय काय होतं ते सांगायला गेलं तर हेच, एक कॉट, एक पंखा, एक म्हातारा. कुणी भेटायला यायचं नाही, जंतू येतील. टीव्ही लावायचा नाही, ताण येईल. डाळिंबाचा दाणा न् दाणा सुटा करून चमच्यानं भरवायचा. पाणी नळीनं पाजायचं. अंगावर माशी बसली तर ती उडवायलाही सून धावायची. इतकी माया की त्या हाताला करायला कामच उरलं नाही. त्यात आमची सृष्टी यंदा डॉक्टरकीच्या परीक्षेला बसून राहिलीय, म्हणून घरात आवाजाला बंदी. या लातुरात अशी घरंच्या घरं आहेत बाई, जिथं कुकरलासुद्धा शिट्टी द्यायची चोरी. आमच्या समोरच्या बिल्डिंगीत चाळीस पोरं राहतात, आणि शिंकतात तेसुद्धा दप्तरात तोंड घालून.

अशा खोलीत हे दिवसभर भिंतीकडं बघत पडायचे. भिंतीवर एक पाल होती. चार दिवसांनी तीही कंटाळून बाहेर गेली. मग ह्यांनी डोळे मिटून घेतले, आणि हाड म्हणायचंही कमी झालं. घरातले म्हणाले, बाबा शांत झालेत. मला ती शांती ओळखीची वाटली. भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात होतो, तू येऊन गेलीस, आठवतं? माझी धाकटी जाऊ पत्र्याकडं बघत बसली ती वर्षभर तशीच. ट्रकमधून भाकर यायची, लुगडी यायची, तिला उठायचं कारणच पडायचं नाही. आणि तो भीमा, ज्याच्या घरातलं कुणी उरलं नव्हतं, तो रोज तांबडं फुटताच आपली म्हैस हुडकायला निघायचा. म्हैस काही सापडली नाही. पण हुडकता हुडकता त्यानं दुसऱ्यांच्या तीन म्हशी आणून दिल्या, लोकांशी भांडला, एकाशी तर मारामारी केली, आणि आमच्यात सगळ्यांआधी तो माणसात आला. त्याच्या डोक्यात तेव्हा काय उगवलं ते कुणी मोजायला गेलं नाही.

उगवलं म्हणते ते उगाच नाही. भादव्यात एका दुपारी सृष्टी तिच्या मोबाइलवर वाचून राहिली होती, मी शेंगा निवडत होते. ती म्हणाली, आजी, हे बघ, शास्त्रज्ञांनी काही उंदीर नुसत्या पिंजऱ्यात ठेवले, खायला-प्यायला भरपूर, बाकी काही नाही. आणि काही उंदीर मोठ्या पिंजऱ्यात ठेवले, तिथं शिड्या, चाक, नळकांडी, लपायला जागा, सोबतीला चार उंदीर. तर दुसऱ्या पिंजऱ्यातल्या उंदरांच्या डोक्यात नव्या पेशी जास्त उगवल्या. आणि ज्या उंदरांना लकवा झाला होता, त्यांचाही पाय दुसऱ्या पिंजऱ्यात लवकर चालता झाला. मी शेंगा खाली ठेवल्या. म्हणलं, "म्हंजे आपण तुझ्या आजोबाला पहिल्या पिंजऱ्यात ठिवलंय." पोरीनं मोबाइल पालथा ठेवला. मग म्हणाली, "आजी, माणूस म्हंजे उंदीर नाही, तसंच्या तसं लागू होत नसतं." मी म्हणलं, लागू नसंल होत, पण शिडी लावायला काय जातं?

डॉक्टरला विचारलं. तो भला माणूस, हसला नाही. म्हणाला, माणसाच्या मेंदूत नव्या पेशी किती उगवतात यावर अजून आमचीच भांडणं चाललीत, पण उरलेल्या पेशी एकमेकींशी नवे धागे जोडतात, एवढं नक्की. आणि ते धागे रिकाम्या खोलीत जुळत नाहीत. त्यांना काम द्या, माणसं द्या, आवाज द्या, थोडं अवघड द्या. झोपेची वेळ तेवढी सांभाळा. पहिले सहा महिने मोलाचे, पुढंही सुधारतं, पण मग गाडी चढाला लागते. सहामधले दोन महिने गेले होते, त्यातला एक आम्ही निळे पडदे बघण्यात घालवला होता.

त्या संध्याकाळी मी दयानंदला विचारलं नाही. ह्यांची कॉट ओढून पुढच्या गॅलरीत आणली, रस्त्यावर तोंड करून. (कॉट एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं सृष्टी. तिची कंबर दुखली, माझी नाही.) खाली भाजीचे गाडे, डबेवाले, क्लासला निघालेल्या पोरांच्या सायकली, एकावर एक रिक्षा. ह्यांनी डोळे उघडले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून रस्त्यानं जाईल त्याला हाड. भाजीवालीला हाड, पोस्टमनला हाड, बुलेटवरच्या पोलिसालासुद्धा हाड. तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी सिद्धेश्वरराव तक्रार घेऊन वर आले, तहसिलातून रिटायर झालेला माणूस, इस्त्रीचा शर्ट. ह्यांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "हाड!" त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणलं, "या, बसा म्हणाले." तो माणूस बसला की गं! चहा घेतला. दुसऱ्या दिवशी आपणहून आला. आता रोज साडेचारला येतो, हाड ऐकतो आणि तासभर तहसिलातल्या गोष्टी सांगतो. त्याच्या घरात तेवढंही त्याला कुणी बोलत नाही, असं मला नंतर कळलं.

मग मी शिड्या लावायला सुरुवात केली. भरवणं बंद; ताटात भाकर न मोडता द्यायची, सोलून काही द्यायचं नाही. सुनेनं दोन दिवस डोळ्याला पदर लावला. गावाकडून बैलाची घुंगरमाळ आणि कासरा मागवला, कासऱ्याला गाठी मारून ठेवल्या, सोडा म्हणलं. एक पोतं शेंगा आणून डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी फोडायच्या, उजव्यानं नाही जमलं तर निदान दाबून धरायच्या. शेंगांची टरफलं वाऱ्यानं दुसऱ्या मजल्यावरच्या बाईच्या वाळत घातलेल्या पापडांवर गेली, तिच्याशी माझं भांडण झालं, ते ह्यांनी गॅलरीतून मान उंचावून शेवटपर्यंत ऐकलं. (तेही औषधच.) सृष्टी तिचे धडे आजोबाला मोठ्यानं वाचून दाखवायला लागली. ह्यांना त्यातलं ओ का ठो कळत नाही, पण चुकलं की हाड म्हणतात, आणि पोरगी म्हणते, आजी, ते बरोबर चुकलेल्या ठिकाणीच म्हणतात. हे खरं नाही, ते मधूनमधून म्हणतातच. पण तिचा अभ्यास घटला नाही, एवढं बघून दयानंदचं तोंड बंद झालं.

तरी उजवा हात तसाच. बोचक्यासारखा मांडीवर पडलेला. त्या हाताची गोष्ट आता ऐक, यासाठीच एवढं लिहिलं. हाताला व्यायाम द्यायला पुनम नावाची पोरगी येते, चोवीस वर्षांची, हसरी, दिवसाला दहा म्हाताऱ्यांचे हात-पाय हलवते. तिनं एक दिवस गरम पाण्यात पिळलेला टॉवेल ह्यांच्या हातावर टाकला, टॉवेलाखाली आपला हात घातला आणि बोटं दाबायला लागली. आधी एक, मग दोन मिळून, मग तीन, चार, मग पंजा. ह्यांनी डोळे रोखले. माणूस एकदम ताठ बसला, आणि पुनमच्या तोंडाकडं बघायला लागला. ती नजर मी ओळखली, पण मला विश्वास बसेना. मग त्या पोरीनं उलटं मोजायला घेतलं. पंजावरून चार, चारावरून तीन, तीनावरून दोन. ह्यांचं तोंड लालबुंद झालं. "हाड! हाड! हाड!" आणि तो मेलेला हात, नीले, त्या टॉवेलाखालून चार अंगुळं मागं सरकला. स्वतःहून.

घरात पळापळ. दयानंद प्रेशरचं मशीन घेऊन धावला. सून रडायला लागली. पुनम बिचारी पांढरी पडली, म्हणे काका, दुखलं का, सॉरी काका. दयानंद म्हणाला, आजपासून हा व्यायाम बंद, बाबांना त्रास होतोय. आणि मी खुर्चीत बसून हसत होते. "आई, हसतीस काय?" तो ओरडला. मी म्हणलं, "आरं, तुझ्या बापाला वाटलं ही पोरगी बैल घ्यायला आलीय! पाचावर जाऊन दोनावर आली. असं गिऱ्हाईक तुझ्या बापानं हाळीच्या बाजारातून हुसकून लावलं असतं."

दयानंदला कळायला वेळ लागला. दलालाचं पोरगं, पण बोटांची बोली त्याला येत नाही. बाजारात दोन दलाल उपरण्याखाली हात घालून बोटं धरतात, एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच, तोंडानं चकार शब्द नाही, भोवतीच्या शंभर लोकांना पत्ता नाही, आणि बैलजोडी विकली जाते. चाळीस वर्षं ह्यांनी तेच केलं. पोराला शिकवलं नाही, पोरगं खुर्चीवर बसावं म्हणून. आता बघ, या माणसाची तोंडाची बोली गेली, पण ही बोली कुठं तोंडात होती? ती हातात होती, आणि हात ऐकत होता. त्याला कुणी बोलत नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी टॉवेल काढून ह्यांचं जुनं उपरणं आणलं. पुनमला तासभर बसवून शिकवलं (गुणी पोरगी, भाव वाढवायचा कसा ते तिला पहिल्या दिवशीच जमलं, लग्नात हुंडेवाल्यांना रडवील). तिसऱ्या दिवशी तिनं पंजा धरला, तर ह्यांनी तिची दोन बोटं धरली. धरली म्हणजे चिमणीनं धरावी तशी. पण धरली. पुनम किंचाळली, सिद्धेश्वररावांनी टाळ्या वाजवल्या, सून आतून देवाला दिवा लावून आली. मी काही केलं नाही. मी आपली चहा टाकायला उठले, आणि साखर दोनदा घातली.

मग सौदा मी हातात घेतला. बैलांचा नाही, पावलांचा. एक बोट म्हणजे दहा पावलं. मी पंजा धरायची, हे एक बोट दाखवायचे; मी चारावर यायची, हे दोनावर; तीनावर सौदा जमायचा, आणि मग काठी धरून, पाठीमागं पुनम, तीस पावलं. दलाल माणूस दिला शब्द मोडत नाही, तोंडानं दिलेला असो का बोटांनी. पाय चालता झाला तो असा. आज गॅलरीपासून जिन्यापर्यंत स्वतः जातात, जिन्यावर शेजारणीला हाड म्हणतात आणि परत येतात. हातात तीन बोटं धरायची ताकद आली. अंगठा अजून येत नाही. दुसरा शब्द अजून येत नाही.

आणि इथं गाडं अडलं. गेले बारा दिवस तिथंच आहे. पुनम म्हणते, रोज तेच तेच झालं की मेंदू म्हणतो हे मला येतं, आणि आळस करतो. काकांना आता जड गिऱ्हाईक पाहिजे. खरं आहे. मी एकोणपन्नास वर्षांची बायको. मी कुठल्या बोटावर नमणार हे ह्यांना डोळे मिटून ठावं. पुनमवर ह्यांची माया जडलीय, तिला मुद्दाम जिंकू देतात. सिद्धेश्वरराव तर तहसिलातले, पहिल्या फेरीतच म्हणतात तुमचं खरं. परवा दयानंद स्वतःहून बसला. मी शिकवलं तसा त्यानं उपरण्याखाली हात घातला, बापाचा हात धरला, आणि धरूनच बसला. बोट दाबंना, बोलंना, टपाटपा रडायला लागला. ह्यांनी डाव्या हातानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. चांगलं झालं, बाप-लेकाचं तेवढं राहिलं होतं. पण गिऱ्हाईक रडायला लागलं की बाजार मोडतो. व्यायामाच्या दृष्टीनं तो दिवस वाया गेला.

चार महिने संपले. राहिले दोन. रात्री हे झोपले की मी तो अंगठा हातात घेऊन बघते, चुलीजवळच्या लाकडासारखा कोरडा झालाय. याच अंगठ्यानं हे सौदा पक्का करायचे, समोरच्याच्या तळहातावर दाबून. तो दाबला गेला नाही, तर तीन बोटांचा अर्धा सौदा घेऊन हा माणूस उरलेलं आयुष्य काढणार. मी डॉक्टर नाही, पण अर्ध्यावर राहिलेला सौदा ह्यांना कधी झोपू द्यायचा नाही, एवढं मला ठावं आहे.

बाकी इकडं ठीक. थंडी पडायला लागलीय, गुडघ्याला तीळतेल लाव आणि सुनेला जास्त बोलू नकोस, कमीही बोलू नकोस. लेकराबाळांच्या डोक्यावर माझा हात फिरव.

तुझी थोरली,
कस्तुराबाई

ता. क. पत्र वाचून झाल्यावर घडी करून तांदळाच्या डब्यात तळाशी ठेव. तुझा नवरा तिथं कधी हात घालणार नाही.

ता. क. दुसरा. वरचं सगळं लिहिलं ते एका कामासाठी, ते आता सांगते. व्यंकटीरावाला इकडं धाड. ह्यांच्याएवढा पक्का दलाल आपल्या नात्यात तो एकटाच, आणि ह्यांच्यावर राग धरणारा तर अख्ख्या मराठवाड्यात तो एकटाच. डॉक्टर म्हणतो अवघड द्या; त्याच्यापेक्षा अवघड मला काही सुचत नाही. त्याला सरळ 'चला' म्हणलीस तर येणार नाही. त्याला सांग, साडू अंथरुणावर पडूनही म्हणून राहिलाय की माळेगावचा सौदा चोख होता. (ह्यांना बोलता येत नाही हे त्याला ठावं आहे, पण राग आला की माणूस इतका हिशेब करत नाही.) येताना सफरचंदं आणू नयेत. रडू नये. 'कसं आहे साडू' म्हणून पाठ थोपटू नये. दारातूनच म्हणावं, 'काय रं, लंगडे बैल विकणाऱ्या!' आणि उपरण्याखाली हात घालून देवणीच्या बैलजोडीला, मातीमोल भाव म्हणून, एक बोट दाखवावं. एकच. बाकी माझ्यावर सोड. दया दाखवायला आला असंल तर मी त्याला जिन्यावरूनच परत लावीन.

ता. क. तिसरा, आणि हा वाचून मात्र तांदळाच्या डब्यातसुद्धा ठेवू नकोस, चुलीत घाल. तो बैल लंगडाच होता. यात्रेत सकाळी पाणी पाजताना मी बघितलं, ह्यांनीही बघितलं. आमची नजरानजर झाली, आणि दोघांनीही तोंड फिरवलं. अकरा वर्षं मी तुझ्या रस्त्याला दोष दिला, त्याबद्दल माझ्या तोंडात माती. पण हे व्यंकटीरावाला आत्ता सांगू नकोस. तो मनाचा मऊ आहे, खरं कळलं की लगेच माफ करील, गळ्यात पडंल, आणि आमच्या गॅलरीत आणखी एक रडणारा माणूस वाढेल. अंगठा दाबला गेला की मी स्वतः भोकरला येते आणि त्याच्यापुढं पदर पसरते. अकरा वर्षं राग सांभाळला त्यानं, अजून दोन महिने सांभाळायला काय जड आहे?